गडी ठेवावा की वगळावा?

गेल्या दिवाळीत आमच्या घरी फराळाच्या वेळी एक मोठा वाद माजला. तो वाटणीचा नव्हता, निवडणुकीचाही नव्हता. सातासमुद्रांपलीकडे चेंडूस लाथ मारण्याचा पगार घेणाऱ्या आणि आमच्यापैकी कोणीही कधी न पाहिलेल्या एका गड्यास त्याच्या संघाने ठेवावे की काढावे, हा तो वाद होता. आमचा पुतण्या नोकरीनिमित्त अमेरिकेत असतो. पाडव्याच्या दिवशी त्याने दूरध्वनीवरून वडीलधाऱ्यांस नमस्कार सांगितला आणि क्षेमकुशल संपते न संपते तोच आपल्या शहरातील फुटबॉल संघाचे रडगाणे सुरू केले.

तिकडचा फुटबॉल म्हणजे आपल्याकडे पायांनी खेळतात तो नव्हे. चेंडू काखोटीस मारून धावण्याचा आणि धावणाऱ्यास लोळविण्याचा तो खेळ आहे. चेंडू ज्या पक्षाकडे असेल त्यास दहा वार पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. तीन संधी वाया गेल्या, की चौथीही वाया जाऊन आहे त्याच जागी चेंडू प्रतिपक्षाच्या हाती पडू नये म्हणून पुष्कळदा तो लांब लाथाडून देतात, म्हणजे प्रतिपक्षास बराच मागून आरंभ करावा लागतो. या एकाच कामासाठी राखलेला जो गडी, त्यास ‘पंटर’ म्हणतात. (आपल्याकडे हा शब्द निराळ्याच मंडळींस लावतात, त्यांचा येथे संबंध नाही.) सबंध सामन्यात तो बिचारा चार-पाच वेळा मैदानात यावयाचा, एकेक लाथ मारावयाची आणि पुन्हा बाकावर जाऊन बसावयाचे. पुतण्याच्या संघातील या गड्याच्या लाथा अलीकडे आखूड पडू लागल्या होत्या, एखादी तर भलतीकडेच जात होती. निम्मे शहर म्हणे, आजच काढा. निम्मे म्हणे, मागली दोन वर्षे याच पायाने आपणांस तारले होते, थोडे थांबा.

आमच्या घरातही तत्काळ दोन पक्ष पडले. धाकटे बंधू पेढीवर अधिकारी होते, त्यामुळे त्यांची बुद्धी जमाखर्चाची. ते म्हणाले, “पगार लाथेचा आहे. लाथ लागत नसेल तर पगार कशाचा?” थोरल्या वहिनी ऐंशीच्या घरात आहेत. त्या म्हणाल्या, “अहो भावजी, माझ्या चकल्या यंदा मोडल्या. म्हणून काय पुढल्या वर्षी सोऱ्या दुसरीच्या हाती द्याल?” नातवंडांनी आपापली यंत्रे काढून त्या गड्याच्या लाथांचे वार मोजावयास आरंभ केला. आम्हांस निवाडा विचारला, तेव्हा आम्ही म्हटले, “निवाडा मागाहून होईल. आधी आपल्या सोलापुराच्या उम्रीगरचे काय झाले ते ऐका.” तेव्हा असे उघडकीस आले की, क्रिकेट मंडळ दरवर्षी उत्कृष्ट खेळाडूस जो ‘पॉली उम्रीगर’ पुरस्कार देते त्याचे नाव मुलांस तोंडपाठ आहे, परंतु हा उम्रीगर कोण, आणि तो आपल्या गावचा, हे एकासही ठाऊक नव्हते. त्या दिवशी मुलांस जे सांगितले तेच थोडे विस्ताराने येथे मांडीत आहो.

पहलन रतनजी उम्रीगर, ज्यांस सारे जग पॉली म्हणून ओळखते, ते २८ मार्च १९२६ रोजी जन्मले. जन्मस्थान म्हणून काही ठिकाणी मुंबईचे नाव छापलेले आढळते. परंतु बहुतेक ग्रंथकार सोलापूरच सांगतात, आणि त्यांचे बालपण येथे गेले याविषयी तर वाद नाही. घराणे पारशी, वडिलांचा व्यवसाय कापडाचा. ज्या गावाचे घड्याळ गिरण्यांच्या भोंग्यावर चाले त्या गावी कापडाच्या व्यापाऱ्याचे बिऱ्हाड असावे यात नवल नाही. मुलगा शाळेत असतानाच हे कुटुंब मुंबईस गेले, आणि पुढील सारे शिक्षण, क्रिकेटचे व विद्येचे, मुंबईत झाले. तेव्हा त्यांच्या कर्तृत्वावर सोलापुराने फार मोठा हक्क सांगू नये. अठराव्या वर्षी, १९४४ साली, ते पारशी संघाकडून पंचरंगी सामन्यांत उतरले. १९४८ साली विद्यापीठांच्या संयुक्त संघाकडून खेळताना त्यांनी वेस्ट इंडीजच्या पाहुण्यांविरुद्ध नाबाद ११५ धावा केल्या, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईस त्यांस पहिला कसोटी सामना मिळाला.

यापुढील एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९५२ च्या फेब्रुवारीत मद्रासेस इंग्लंडविरुद्ध पाचवा कसोटी सामना होता. त्या संघात उम्रीगर आधी नव्हते. हेमू अधिकारी यांस ऐन वेळी दुखापत झाली म्हणून यांची वर्णी लागली. जो गडी दुसऱ्याच्या दुखऱ्या हाताच्या पुण्याईने आत आला, त्याने नाबाद १३० धावा केल्या. पंकज रॉय यांनी १११ केल्या, विनू मंकड यांनी दोन डावांत मिळून बारा गडी टिपले, आणि आपल्या सांगलीच्या विजय हजाऱ्यांच्या नेतृत्वाखाली भारताने एक डाव आठ धावांनी कसोटी क्रिकेटमधील आपला पहिला विजय मिळविला. पहिली कसोटी १९३२ सालची. म्हणजे या दिवसासाठी वीस वर्षे वाट पाहावी लागली होती. त्या दिवशी उम्रीगरास ठेवावे की काढावे असे कोणी विचारले असते, तर विचारणाराच वेडा ठरला असता.

मग तोच उन्हाळा आला. संघ इंग्लंडास गेला आणि तेथे फ्रेड ट्रूमन नावाचा एकवीस वर्षांचा यॉर्कशायरचा गोलंदाज वाट पाहत होता. लीड्स येथे ७ जून १९५२ रोजी आपल्या दुसऱ्या डावाचा आरंभ ज्या प्रकारे झाला तो क्रिकेटच्या इतिहासात अद्याप सांगतात: शून्य धावांवर चार गडी बाद. रॉय, दत्ता गायकवाड, माधव मंत्री आणि विजय मांजरेकर असे ते चार. त्यांतील तिघे ट्रूमनचे आणि एक बेडसरचा. याच सामन्याच्या पहिल्या डावात मांजरेकरांनी १३३ धावा केल्या होत्या, हे येथेच सांगितले पाहिजे, नाहीतर वाचकांचा त्यांच्यावर अन्याय होईल. मँचेस्टरला तर संघ एका दिवसात दोनदा बाद झाला, एकदा ५८ धावांत व एकदा ८२ धावांत. पहिल्या डावात ट्रूमनने ३१ धावांत आठ बळी घेतले. ओव्हलवर सहा धावांत पाच गडी गेले आणि पुढे पावसानेच लाज राखली.

आता उम्रीगरांचा हिशेब पाहा. लीड्सला ८ आणि ९, लॉर्ड्सला ५ आणि १४, मँचेस्टरला ४ आणि ३, ओव्हलला शून्य. सात डाव, त्रेचाळीस धावा. मद्रासेस एका डावात केल्या त्यांच्या तिसरा हिस्साच म्हणावयाचा. धावांपेक्षाही दुःसह गोष्ट ही की, ट्रूमन धावत येऊ लागला की यांचा पाय यष्ट्यांपासून लेगच्या बाजूस सरके, आणि ते प्रेक्षकांस दिसे. एवढा सहा फुटांचा, धिप्पाड पुरुष चेंडूस भितो, ही गोष्ट तेथील लोकांनी थट्टेवारी नेली आणि ती थट्टा पुढे जन्मभर त्यांच्या पाठीस लागली. धावा न होणे हा अपयशाचा एक प्रकार झाला. भित्रा म्हणवून घेणे हा अगदी निराळा. पहिल्यावर उतारा मिळतो, दुसऱ्याचा डाग धुतला तरी फिकट उरतो.

संघ परत आला. काही आठवड्यांतच पाकिस्तानचा संघ पहिल्यांदा भारतात यावयाचा होता. उम्रीगरास ठेवावे काय?

आमचे इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. परंतु पुढे पाठशाळेत एका वृद्ध शास्त्रीबुवांच्या पायांशी बसून थोडे तर्कशास्त्र कानांवर पडले आहे. त्या शास्त्रात आपले मत सांगण्याआधी प्रतिपक्षाचे मत त्याच्याहूनही चांगल्या रीतीने मांडावे लागते. तेव्हा आधी पूर्वपक्ष.

पूर्वपक्ष म्हणेल: भाताचे एक शीत चेपून पाहिले की सारा भात शिजला की नाही ते कळते; यास शास्त्रकार स्थालीपुलाकन्याय म्हणतात आणि आमच्या स्वयंपाकघरातील कोणतीही मुलगी तो न शिकता जाणते. येथे तर एक नव्हे, सात शिते चेपून पाहिली, आणि सातही कच्ची. कसोटी या शब्दाचा अर्थच सोने घासण्याचा दगड. दगडावर घासून जे उतरले नाही ते पेटीत ठेवून काय करावयाचे? शिवाय एक जागा एकाने अडविली म्हणजे ती दुसऱ्यास नाकारली जाते. ज्याने घरी बसून वाट पाहिली, ज्याचा पाय सरकला की नाही हे पाहण्याची संधीच कोणी दिली नाही, त्याचा काय अपराध? मद्रासेस अधिकाऱ्यांचा हात दुखावला नसता तर हे उम्रीगर तरी कोठे असते?

हा पूर्वपक्ष आम्हांस दुबळा वाटत नाही. विशेषतः त्याचे शेवटचे वाक्य. ठेवा, थांबा, दया करा असे म्हणणारे लोक बहुधा ज्यास ठेवावयाचे त्याचेच तोंड पाहतात. दाराबाहेर उभ्या असलेल्याचे तोंड त्यांस दिसत नाही.

तथापि उत्तरपक्षही ऐकला पाहिजे. एका शितावरून साऱ्या भाताची परीक्षा होते खरी, परंतु केव्हा? सारा भात एका पातेल्यात, एका जाळावर, एकाच पाण्यात शिजला असेल तेव्हा. उम्रीगरांची ही सात शिते एकाच जाळावरची होती. त्याच उन्हाळ्यात, त्याच इंग्लंडात, सर्व दौरा मिळून त्यांनी १६८८ धावा केल्या, आणि त्यांत तीन द्विशतके होती: ऑक्सफर्ड विद्यापीठाविरुद्ध, लँकाशायरविरुद्ध आणि केंटविरुद्ध. म्हणजे हवा तीच, देश तोच, मनुष्य तोच. ‘सात डावांत त्रेचाळीस धावा, म्हणून हा फलंदाज नव्हे’ हे अनुमान यामुळे टिकत नाही. नैयायिक अशा हेतूस सव्यभिचार म्हणतील. फार तर एवढेच सिद्ध होते की, अतिवेगवान चेंडूपुढे हा फलंदाज अद्याप तयार नाही. हे सिद्ध होणे लहानसहान नव्हे. परंतु ती गोष्ट निराळी.

आणि तो तयार का नव्हता? मोहम्मद निसार आणि अमरसिंग यांच्यानंतर भारतात तशा जातीचा वेगवान गोलंदाज उरला नव्हता. अमरसिंग तर १९४० साली ऐन तारुण्यातच वारले. आमच्या संथ खेळपट्ट्यांवर मुले फिरकीपुढे वाढली. जो चेंडू त्यांनी घरी कधी पाहिलाच नाही, तो परदेशातील ओलसर, उघड्या राहिलेल्या खेळपट्टीवर, डोक्यास शिरस्त्राण नसताना, एकदम छातीशी आला. दोष होता यात शंका नाही. परंतु तो एका पायाचा नसून साऱ्या शाळेचा होता. शून्यावर चार गडी गेले त्या चौघांत उम्रीगर नव्हते, हेही विसरू नये. साऱ्या वर्गास जे शिकविलेच नाही त्या प्रश्नावर एकाच विद्यार्थ्यास नापास करणारा परीक्षक आम्ही पाहिला आहे. आम्हांस तो आदर्श वाटला नाही.

यावर आमचे धाकटे बंधू मध्येच म्हणाले, “म्हणजे काढूच नये?” असे आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की, काढण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. मोडले आहे ते काय, सारा गाडा की एक आरा? दुसऱ्या पारड्यात काही आहे की नाही? आणि मोडले का, हे त्या माणसास कोणी विचारले काय? पहिल्या दोहोंची उत्तरे आकड्यांत सापडतात. तिसऱ्याचे सापडत नाही, म्हणून ते बहुधा कोणी विचारीत नाही.

उम्रीगरांचे दुसरे पारडे भरलेले होते. ते उत्तम क्षेत्ररक्षक होते, ऑफ-स्पिन टाकीत आणि पुढे त्यांनी पस्तीस कसोटी बळीही मिळविले. त्यांस ठेवले गेले. १९५२ च्या नोव्हेंबरात मुंबईस पाकिस्तानविरुद्ध त्यांनी १०२ धावा केल्या. समोर हजारे नाबाद १४६ धावा करून उभे होते. भारताने तो सामना दहा गडी राखून जिंकला. ज्यांच्या दुखापतीमुळे उम्रीगर मद्रासेस खेळले ते अधिकारीही याच मालिकेत, दिल्लीस, नाबाद ८१ धावा करून परतले होते आणि शेवटच्या गड्यासाठी त्यांनी गुलाम अहमद यांच्यासह १०९ धावांची भर घातली होती. एकास ठेवले म्हणून दुसरा बुडालाच असे नेहमी होत नाही. कधीकधी दोघांसही जागा निघते. पुढे १९५३ च्या आरंभी संघ वेस्ट इंडीजला गेला, तेथे उम्रीगरांनी पाच कसोट्यांत ५६० धावा केल्या. पोर्ट ऑफ स्पेनला १३० आणि किंग्स्टनला ११७ अशी दोन शतके त्यांत होती. त्रेचाळीसांचे पाचशेसाठ झाले, आणि मध्ये सहा महिनेही गेले नव्हते.

येथे गोष्ट संपविली असती तर मुलांनी टाळ्या वाजविल्या असत्या, आणि गोष्ट खोटी झाली असती. कारण पूर्वपक्ष अद्याप उभा आहे. तो म्हणेल, वेस्ट इंडीजकडे त्या वर्षी मुख्य शस्त्रे रामाधीन आणि व्हॅलेंटाइन यांच्या फिरकीची. तेथे ट्रूमन कोठे होता? पाय सरकतो तो कोणापुढे, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर फिरकीपुढील धावांनी मिळत नाही. हे म्हणणे अगदी बरोबर आहे. १९५५ साली हैदराबादेस न्यूझीलंडविरुद्ध उम्रीगरांनी २२३ धावा केल्या, भारतीयाचे ते पहिले कसोटी द्विशतक. तरी त्यानेही हे उत्तर मिळत नाही.

उत्तर मिळाले ते १९५९ साली, म्हणजे सात वर्षांनी. मैदान तेच मँचेस्टरचे, जेथे ४ आणि ३ धावा झाल्या होत्या. गोलंदाजांत तोच ट्रूमन. चौथ्या डावात समोर साडेपाचशेच्या घरातील अशक्य लक्ष्य. एका बाजूने अब्बास अली बेग नावाच्या पोराने आपल्या पहिल्याच कसोटीत ११२ धावा केल्या, आणि दुसऱ्या बाजूने तेहतीस वर्षांच्या उम्रीगरांनी ११८. सामना आपण हरलो. पुढे तीन वर्षांनी, १९६२ च्या एप्रिलमध्ये, पोर्ट ऑफ स्पेनला वेस हॉलसारखा गोलंदाज समोर असताना त्यांनी ५६ आणि नाबाद १७२ धावा केल्या व पाच बळीही घेतले. त्याच दौऱ्यात काही आठवड्यांपूर्वी बार्बाडोसला कर्णधार नरी कंत्राटदारांच्या डोक्यास चेंडू लागून त्यांचे प्राण संकटात सापडले होते. ते सारे पाहिलेला मनुष्य छत्तीसाव्या वर्षी तेथे उभा राहिला. तोही सामना आपण हरलो. त्यानंतर उम्रीगर कसोटी क्रिकेटमधून निवृत्त झाले. ५९ सामने, ३६३१ धावा, १२ शतके. तिन्ही आकडे त्या वेळेपर्यंत कोणाही भारतीयाहून अधिक.

सात वर्षे आणि दहा वर्षे. हे अंतर आम्हांस त्या शतकांपेक्षाही बोलके वाटते. कोणतीही निवडसमिती एका पायाची भीती जावी म्हणून दहा वर्षे थांबणार नाही, आणि थांबूही नये. ती थांबली ती दुसऱ्या पारड्यातील धावांसाठी, झेलांसाठी आणि बळींसाठी; भीती जाणे हे त्यावरचे व्याज.

आणि ज्याच्यावर हा निवाडा झाला तोच पुढे न्यायासनावर बसला, हा या गोष्टीतील गमतीचा भाग. निवडीच्या प्रश्नावर ते मानी होते: १९५९ च्या आरंभी मद्रासच्या कसोटीच्या आदल्या दिवशी, संघात कोणास घ्यावे यावरून वरिष्ठांशी न पटल्याने, त्यांनी कर्णधारपद सोडून दिले, मंकडांस ते स्वीकारावे लागले. पुढे १९७८ ते १९८२ ते राष्ट्रीय निवडसमितीचे अध्यक्ष होते. त्याच काळात, १९७९ च्या इंग्लंड दौऱ्यास यष्टिरक्षक सय्यद किरमाणी यांस नेले गेले नाही. त्यावर तेव्हा पुष्कळ चर्वितचर्वण झाले. किरमाणी त्याच वर्षी परत आले आणि मुंबईस ऑस्ट्रेलियाविरुद्ध रात्रीचा पहारेकरी म्हणून फलंदाजीस येऊन नाबाद १०१ धावा काढून गेले. वगळले म्हणून त्यांची धार वाढली असे म्हणावे, की वगळणेच चुकले असे म्हणावे? दोन्ही बाजूंनी बोलता येते. यष्टिरक्षकाची जागा एकच असते, त्या पंटरासारखी. तेथे दोघांस जागा निघत नाही.

त्या पंटराचे खरे दुःख हेच आहे. उम्रीगरांस धावा झाल्या नाहीत तर चेंडू टाकता येत होता, झेल घेता येत होता. त्या गड्यास एक लाथ सोडून दुसरे पारडेच नाही. ज्याने आयुष्यात एकच काम शिकावे असे आपण सांगितले, त्याचे ते काम बिघडले की त्यास आधार देण्यास काही उरत नाही. आमचे मत त्या दिवशी विचाराल तर आम्ही म्हटले की, त्याच्या मागील दोन वर्षांच्या लाथा खऱ्या असतील तर हंगाम संपेपर्यंत ठेवावे, आणि पाय दुखतो काय ते वैद्याकडून पाहून घ्यावे. धाकटे बंधू हसले. मार्गशीर्षात पुतण्याने कळविले की, त्यास काढले. पाय दुखत होता काय, हे विचारले. पुतण्यास ठाऊक नव्हते.

हे सारे आम्ही एवढ्या तावातावाने का लिहीत आहो, हे सांगणे प्राप्त आहे. १९८६ साली आम्ही सोलापुरातील एका शाळेत संस्कृत शिकवीत होतो. क्रिकेटचे आम्हांस ज्ञान नव्हते. परंतु अक्षर बरे म्हणून सामन्याची गुणवही आमच्याकडे असे, आणि त्या अधिकाराने संघ निवडणाऱ्या तिघांत आमची गणना होई. संघाचा यष्टिरक्षक पूर्व भागातील, विणकराच्या घरचा मुलगा होता. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि आमच्या तासास संस्कृत; तिन्ही भाषांत मितभाषी. मागल्या वर्षी त्याच्या हातून चेंडू सुटत नसे. त्या वर्षी दोन सामन्यांत त्याने पाच झेल सोडले. एकदा तर चेंडू त्याच्या खांद्याजवळून गेला तरी हात उठला नाही. आम्ही तिघे बसलो, दहा मिनिटे बोललो, आणि त्याचे नाव खोडले. खोडण्याचे काम गुणवहीवाल्याचे, म्हणून ते आम्हीच केले. त्यास आधी बोलावून सांगावे, हे तिघांपैकी एकासही सुचले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने फळ्यावरील यादी वाचली, हातमोजे पुसून आमच्या मेजावर ठेवले आणि तो वर्गात जाऊन बसला. पुन्हा तो मैदानावर आला नाही.

वर्षभराने त्याच भागात राहणाऱ्या एका सहकाऱ्याकडून कळले की, त्या वर्षी मुलाचे वडील अंथरुणास खिळले होते, माग आईच्या व थोरल्या भावाच्या हाती होता, आणि हा मुलगा मध्यरात्र उलटेपर्यंत कांड्या भरीत असे. पहाटे पाचास सरावाला येई. तो चेंडू पाहत नव्हता. तो उभ्याने झोपत होता. हे कळण्यास आम्हांस एक प्रश्न पुरेसा होता.

यंदाच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर टॉवेल-चादरींच्या एका दुकानाशी आम्ही उभे असताना गल्ल्यावरच्या गृहस्थाने उठून नमस्कार केला. केस पिकलेले, तरी उभे राहण्याची ढब तीच, गुडघे किंचित वाकवून. आम्ही ओळखले. इतक्या वर्षांत मनात शंभर वेळा म्हटलेले वाक्य म्हणण्यास आरंभ केला, तो त्याने ते अर्ध्यावरच थांबविले. म्हणाला, “सर, दोन दिवस रडलो. पण पहाटेचा सराव सुटला, तर झोप मिळाली. त्या झोपेवर दहावी निघाली.” तो हे आभार मानून म्हणत होता, की वडीलधाऱ्या माणसाची लाज राखीत होता, हे आम्हांस त्याच्या चेहऱ्यावरून ठरविता आले नाही. त्याने दोन टॉवेल बांधून दिले आणि पैसे घेईना. मोठ्या मिनतवारीने आम्ही ते त्याच्या मुलाच्या हाती ठेवले. निघताना त्याने विचारले, “माझ्यामागून यष्ट्यांमागे कोण उभा राहिला होता, सर?”

नाव आठवेना. घरी येऊन माळ्यावरील ट्रंक उघडली. गुणवही निघाली, पाने पिवळी पडली आहेत. पुढील सामन्याच्या पानावर यष्टिरक्षक म्हणून दुसऱ्या एका मुलाचे नाव आमच्याच अक्षरात आहे. सुटलेल्या झेलासाठी आम्ही समासात फुली करीत असू. त्या नावापुढे तीन फुल्या आहेत.